शेतघरासाठी रेल्वेचे जुने स्लीपर आणि क्रिओसोट वापरावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकत असेल तर लगेच कळेल. लांज्याकडे तुमची अडीच एकर जागा आहे आणि चिऱ्याचं छोटं घर बांधून होत आलंय. ओळखीच्या भंगारवाल्याकडे रेल्वेचे ४० जुने लाकडी स्लीपर आहेत. त्यांतून पडवीत जेवायचं टेबल, मुलांचा झोपाळा आणि परसातल्या भाजीच्या वाफ्यांच्या कडा करायच्या आहेत. कुंपणासाठी ऐनाचे आणि ऑस्ट्रेलियन बाभळीचे खांब तोडून ठेवलेत. त्या खांबांना आणि छपराच्या वाशांना 'रेल्वेवाले लावायचे ते क्रिओसोट' ब्रशने मारायचं आहे, आणि ते कुठे मिळेल असं तुम्ही विचारलंय. शेजारच्या काकांनी सांगितलंय की एकदा ते लावलं की ५० वर्षं बघायला नको.

उत्तर आधी देतो, कारणं मग. टेबल, झोपाळा आणि वाफे यांसाठी हे स्लीपर घेऊ नका. वाशांना क्रिओसोट लावू नका. खांबांना ब्रशने लावून तुम्हाला हवं तेवढं आयुष्य मिळणार नाही. काका खोटं सांगत नाहीत. त्यांनी रुळाखाली पाहिलेलं लाकूड खरंच टिकलं होतं, पण त्यामागे डब्यातलं तेल आणि ब्रश एवढंच नव्हतं. मी २६ वर्षं लाकडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात काढली, त्यातली पहिली ११ क्रिओसोटच्या सिलिंडरवर. या तेलाबद्दल मला आजही आदर आहे, आणि म्हणूनच ते घरात आणू नका असं कळकळीने सांगतोय.

मुळात हे आहे काय? दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवून कोक करताना जो चिकट काळा द्रव निघतो तो कोलटार. तो पुन्हा गाळला की साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जे तेल उतरतं ते क्रिओसोट. मराठीत सगळ्यालाच 'डांबर' म्हणतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. रस्त्यावर ओततात ते डांबर पेट्रोलियमचं, म्हणजे बिटुमेन. त्याचा आणि क्रिओसोटचा रंग तेवढा सारखा. गॅरेजमधलं जळकं ऑइल तिसरंच. कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या मात्र क्रिओसोटच्या अगदी सख्ख्या. त्या नॅफ्थलीनच्या असतात आणि क्रिओसोटमध्ये नॅफ्थलीन भरपूर असतं. हिवाळ्यात सकाळी पिंप उघडलं की तळाशी त्याचे खडे बसलेले दिसायचे आणि तेल तापवल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. काळ्या फिनेलचा उग्र वासही याच घराण्यातला. शेकडो रसायनांचं हे मिश्रण आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा एकमेकांना चिकटलेल्या बेन्झिन कड्यांच्या संयुगांचा, ज्यांना पीएएच म्हणतात. बुरशी, वाळवी आणि लाकूड पोखरणारे किडे यांना ही संयुगं मानवत नाहीत, आणि पाण्यात ती फारशी विरघळत नसल्याने पावसाने धुऊनही जात नाहीत. लाकडाच्या दृष्टीने हा मोठाच गुण. माणसाच्या दृष्टीने काय, ते पुढे येईलच.

आता रुळाखालचं लाकूड का टिकलं ते पाहू. १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेथेल या गृहस्थाने लाकूड बंद टाकीत घालून दाबाखाली क्रिओसोट भरायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. रेल्वे तेव्हा नुकती पसरू लागली होती आणि स्लीपर कुजण्याची अडचण सगळीकडे होती, त्यामुळे ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडेही पंजाबात ढिलवान, आसामात नाहरकटिया, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ क्लटरबकगंज इथे स्लीपरवर प्रक्रिया करणारे रेल्वेचे कारखाने होते. ही सगळी ठिकाणं चीड, देवदार अशा लाकडाच्या वाटेवरची किंवा जंगलांजवळची.

पद्धत अशी. लाकूड आधी हवेशीर रचून महिनोन्‌महिने सुकवायचं, ओलावा २०-२५ टक्क्यांच्या आत आला पाहिजे. मग ते ट्रॉलीवर बांधून लांबलचक लोखंडी सिलिंडरमध्ये ढकलायचं, दार बोल्टने आवळायचं आणि पंपाने आतली हवा ओढायची. लाकडाच्या पेशींतली हवाही त्याबरोबर निघते. मग ८०-९० अंशांपर्यंत तापवलेलं तेल सोडायचं आणि वर दाब द्यायचा, चौरस सेंटिमीटरला ७ ते १२ किलोच्या आसपास. लाकूड तेल घ्यायचं थांबलं की तेल काढून पुन्हा थोडी हवा ओढायची, म्हणजे पृष्ठभागावरचं जास्तीचं तेल निघून जातं. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत मॅक्स र्‍यूपिंगने यात एक शहाणपणाचा बदल केला. आधी हवा ओढण्याऐवजी लाकडात हवा दाबून भरायची, मग तेल. शेवटी दाब सोडला की आत कोंडलेली हवा फुगून जादा तेल बाहेर ढकलते. तेल खोलवर पोहोचतं, पण पेशींच्या पोकळीत साठून राहत नाही. तेल वाचतं आणि नंतर गळतही कमी.

माझं पहिलं काम वजन करण्याचं होतं. त्याच खुणेचे स्लीपर आत जाण्याआधी काट्यावर आणि बाहेर आल्यावर पुन्हा काट्यावर. ब्रॉडगेजचा स्लीपर २७५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १३ जाड, म्हणजे ०.०९ घनमीटरला थोडा कमी. घनमीटरला १०० किलो तेल धरलं तर एका स्लीपरच्या पोटात जवळजवळ ९ किलो तेल. आपल्याकडे त्यात क्रिओसोट आणि फर्नेस ऑइल निम्मंनिम्म असायचं. सिलिंडरचं दार उघडलं की गरम वाफेचा लोट अंगावर यायचा, आणि ट्रॉलीवरचे स्लीपर काळे, चकचकीत, कडांवरून थेंब गाळत बाहेर यायचे. त्या वेळी एखादा स्लीपर आडवा कापून पाहायचो. बाहेरून आत बोटभर गडद काळी पट्टी, मग तपकिरी छटा, आणि मधोमध पिवळट कोरडा गाभा. ती काळी पट्टी सलग आहे का आणि किती जाड आहे, एवढ्यावर तो लॉट पास किंवा नापास.

आता ब्रशचा विचार करा. सुक्या लाकडावर ब्रशने दोन हात मारले तर तेल आडव्या बाजूने एक-दोन मिलिमीटर शिरतं, फार तर. उभ्या रेषांच्या टोकाला, म्हणजे जिथे खांब करवतीने कापलाय तिथे, ते बरंच आत जातं, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्या दिशेने उघड्या असतात. पण खांब कुजायला सुरुवात होते ती टोकाकडून कमी आणि जमिनीच्या रेषेवर जास्त. तिथे ओल आणि हवा दोन्ही एकदम मिळतात. खूप खोल हवा नसते, वर ओल नसते, आणि मधल्या वीतभर पट्ट्यात बुरशीला दोन्ही मिळतं. पडलेला कुठलाही जुना खांब बघा, खालचं टोक बऱ्याचदा धड असतं आणि मातीच्या पातळीवर कंबर खाल्लेली असते. त्यात खांब उन्हाने सुकताना उभा तडकतो. ती भेग ब्रशच्या दोन मिलिमीटरच्या कवचाला भेदून आत जाते, पावसाचं पाणी तिच्यातून उतरतं, आणि बाहेरून काळा कुळकुळीत दिसणारा खांब आतून भुसभुशीत होतो. कोकणात ३ हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या खांबाला ब्रशचा हात म्हणजे दोन-चार वर्षांची उसनवारी.

पूर्वी शेतावर एक मधला मार्ग होता, तो सांगतो कारण कोणी ना कोणी तुम्हाला सुचवेल. पिंपात तेल तापवून त्यात खांबांची बुडं काही तास बुडवून ठेवायची आणि त्याच तेलात थंड होऊ द्यायची. तापताना लाकडातली हवा पसरून बाहेर जाते, थंड होताना आकसते आणि तेल आत खेचलं जातं. तत्त्व बरोबर आहे आणि निकालही ब्रशपेक्षा कितीतरी चांगला. पण घरच्या अंगणात चुलीवर क्रिओसोटचं पिंप तापवणं मी कोणालाही करू देणार नाही. त्याच्या वाफा फुप्फुसात जातात, आणि तेल उतू जाऊन पेटलं तर पाण्याने विझत नाही.

तुमच्या स्लीपरांबद्दल आणखी एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. सगळे स्लीपर प्रक्रिया केलेले नसतात. साग आणि साल ही लाकडं मुळातच टिकाऊ म्हणून ती बऱ्याचदा तशीच वापरली जात. सालाचा गाभा तर इतका घट्ट असतो की दाबाखालीही तेल धड घेत नाही. प्रक्रिया व्हायची ती प्रामुख्याने चीड, देवदार, कैल अशांवर. त्यामुळे तुमच्या ४० नगांत दोन्ही प्रकारचे असू शकतात. एक टोक करवतीने चार बोटं कापून पाहा. कापलेला भाग काळा-तपकिरी कडेने वेढलेला असेल, १०-१५ मिनिटं उन्हात ठेवल्यावर त्यावर तेलाचे बारीक मणी उमटले आणि डांबरगोळ्यांचा वास आला, तर ते क्रिओसोट. आतून सलग लालसर-तपकिरी, जड आणि वास नसलेलं असेल तर बहुधा साल. पूर्ण स्लीपर ७५ किलोच्या आसपास भरला तरी तोच अंदाज धरा.

साल निघाला तर टेबल करू का, असं तुम्ही विचाराल. मी तरी करणार नाही. हे लाकूड कित्येक वर्षं गाड्यांखाली पडून होतं. इंजिनाचं तेल, ग्रीस, ब्रेकची लोखंडी धूळ, आणि डब्यांतल्या उघड्या संडासांतून रुळावर पडणारं सगळं त्याने भेगांतून प्यायलेलं आहे. शिवाय खिळ्यांची मोडकी टोकं आत असतात. डॉग स्पाइकचं, म्हणजे रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या जाड खिळ्याचं, बोटभर लोखंड लाकडात गंजून बसलेलं बाहेरून दिसत नाही. रंधा मशीनवर ते लागलं की पाती जातात आणि तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

क्रिओसोटवाले निघाले तर मात्र प्रश्न मशीनच्या पात्यांचा राहत नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, बाह्या वर करून ताज्या स्लीपरांची रचाई करत होतो. तेल हाताला लागलं, रॉकेलने पुसलं आणि काम चालू ठेवलं. संध्याकाळी कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल, रात्री अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखी आग, आणि तिसऱ्या दिवशी साल निघाली. जिथे शर्टाची सावली होती तिथे काही नाही. तेल आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते, हे मला आमच्या जुन्या मुकादमांनी नंतर सांगितलं. ते स्वतः पहाटे पाचला रचाई सुरू करायचे आणि ऊन वर आलं की थांबायचे. मी समजायचो उकाड्यामुळे. डोळ्यांनाही तेच. नुसत्या वाफेने दिवसभर चुरचुरायचे.

हे झालं ताबडतोब दिसणारं. दूरचं जास्त गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटला '२अ' गटात ठेवलंय, म्हणजे माणसात कर्करोग होण्याचा संभव दाट. त्यातलं बेन्झोपायरिन हे संयुग तर पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोगकारक. धुराड्यातली काजळी साफ करणाऱ्या पोरांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये काजळीशी जोडला होता. काजळीतली आणि कोलटारमधली ही संयुगं एकाच जातीची. युरोपात २००३ पासून सामान्य ग्राहकाला क्रिओसोट विकायला बंदी आहे. अमेरिकेत ते परवानाधारक कारखान्यातच, दाबाखाली वापरता येतं, घरगुती कामासाठी नाही. आणि युरोपच्या नियमांत जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडाबद्दल जी यादी आहे ती तुमच्या बेताशी इतकी जुळते की मुद्दाम सांगतो. ते लाकूड घराच्या आत नको, खेळण्यांत आणि मुलांच्या खेळाच्या जागेत नको, जिथे कातडीला वारंवार लागेल अशा बागेत नको, टेबलासारख्या बागेच्या फर्निचरला नको, आणि रोपं लावायच्या कुंड्या-वाफ्यांना नको. स्लीपर कितीही जुना असला तरी हे लागू होतं. वर्षं गेली की वरचं तेल कमी होतं, आतलं राहतं. तुम्ही स्लीपर चिरून फळ्या काढल्या की ते आतलं तेल पुन्हा वर उघडं पडतं.

वाफ्यांबद्दल थोडं अधिक, कारण तिथे लोकांना धोका दिसत नाही. पीएएच मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. पाण्याबरोबर फार लांब जात नाहीत, पण लाकडाजवळच्या मातीत साठत राहतात. मुळा, रताळं, हळद अशा मातीत वाढणाऱ्यांच्या सालीला ती माती लागते. वाफ्याच्या कडेवर बसून खेळणाऱ्या मुलाच्या तळहाताला तर थेट लाकूडच लागतं, आणि तो हात तोंडात जातो. वाफ्यांना चिरा वापरा. तुमच्याकडे घराचे उरलेले तुकडे असतीलच.

रंग मारून झाकता येईल का, हा पुढचा प्रश्न असतो. नाही. ऑइलपेंट त्यावर धड बसत नाही आणि बसला तरी उन्हाने तापल्यावर तेल रंगातून पिवळ्या-तपकिरी डागांनी वर येतं. लाखेच्या पॉलिशचा थर थोडे दिवस अडवतो, एप्रिल-मेमध्ये तोही हरतो.

आणि एक काकुळतीची विनंती. कापून उरलेले तुकडे जाळू नका. एका गिऱ्हाइकाकडे सुताराने राहिलेले तुकडे मागच्या दारी पाणी तापवायच्या चुलीत घातले. झकास पेटतात म्हणून आठवडाभर तेच चाललं होतं. मी गेलो तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या आजी डोळ्यांना ओला पदर लावून बसल्या होत्या आणि न्हाणीच्या भिंतीवर तेलकट काळा थर होता. डोळे धुळीमुळे आलेत असंच सगळ्यांना वाटत होतं. चूल बंद केल्यावर चार दिवसांत त्यांना बरं वाटलं.

मग क्रिओसोट वाईट, असं म्हणून विषय संपवू का? नाही, ते त्या तेलावर अन्याय होईल. रुळाखाली, विजेच्या खांबांना, पुलाच्या तुळयांना, जिथे माणूस रोज हात लावत नाही आणि लाकूड सतत ओल-उन्हात असतं, तिथे दाबाखाली भरलेल्या क्रिओसोटच्या तोडीचं फार थोडं आहे. युरोपनेही बंदी घालताना रेल्वे आणि तारांच्या खांबांना वाट ठेवलीच. खाऱ्या पाण्यातल्या खांबांना स्लीपरच्या दुप्पट-तिप्पट तेल भरावं लागतं, आणि उष्ण समुद्रात लिम्नोरिया नावाच्या बारीक किड्याची एक जात अशी आहे की तिला क्रिओसोटही अडवत नाही. म्हणून खाडीत धक्का बांधताय असं कोणी विचारलं तर माझं उत्तर पुन्हा वेगळं असतं.

आता तुमचं काम. तुमची खरी अडचण क्रिओसोट मिळत नाही ही नाही. खांब जमिनीत कुजू नये आणि वाशांना वाळवी-भुंगा लागू नये, ही आहे. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

खांबांचं कशावर अवलंबून आहे ते आधी बघा. ऐनाचा खांब जाड असेल आणि आतला काळसर गाभा भरपूर असेल, तर सालीखालचं पांढरं लाकूड तासून काढल्यावर तो बरा टिकतो. मनगटाएवढा कोवळा असेल तर तो जवळजवळ सगळा पांढरा भागच, आणि पांढरा भाग कुठल्याही झाडाचा असो, कुजतोच. ऑस्ट्रेलियन बाभळीचे बारीक खांब याच वर्गात. जमीन मुरमाड, उताराची असेल तर आयुष्य वाढतं. भाताच्या खाचराच्या बांधावर पाणी साचत असेल तर घटतं.

लाकूड जमिनीतच रोवायचं असेल तर दाबाखाली सीसीए नावाचं रसायनांचं मिश्रण भरलेले खांब विकत घ्या. याचा शोध आपल्याकडचा आहे, हे सांगताना मला नेहमी बरं वाटतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं हे मिश्रण शोधलं. बाजारात ते 'आस्कू' नावाने आलं, आर्सेनिक आणि कॉपरच्या चिन्हांवरून. लाकडात शिरल्यावर ही रसायनं पेशींना बांधली जातात आणि सहज धुतली जात नाहीत. लाकूड हिरवट दिसतं, वास नसतो, रंगही बसतो. पण त्यात आर्सेनिक आहे हे विसरू नका. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते थांबवलं गेलं. लांबच्या कुंपणाला चालेल. झोपाळा, टेबल, वाफे यांना तेही नको, आणि त्याचे तुकडेही जाळायचे नाहीत. घेताना एक खांब मधून कापून दाखवायला सांगा. हिरवा रंग नुसत्या सालीपुरता असेल तर तो बुडवून काढलेला खांब आहे, दाबाचा नाही.

माझा कल मात्र तिसऱ्या बाजूला आहे. लाकूड मातीत घालूच नका. फाटकाच्या दोन खांबांना आणि पडवीच्या खांबांना चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा वीतभर उंच पाया करा, त्यात लोखंडी बूट बसवा आणि लाकडाचं बूड बुटात असं ठेवा की खाली बोटभर फट राहील. पाणी येईल आणि निघून जाईल. खांबाभोवती काँक्रीट ओतून टाकायची पद्धत सगळीकडे दिसते, पण लाकूड आकसलं की काँक्रीट आणि खांब यांच्यामध्ये कपासारखी जागा होते आणि त्यात पाणी साठून राहतं. तसे खांब उघड्या मातीतल्यांपेक्षाही आधी गेलेले मी पाहिलेत. टोकाला तिरपा काप द्या किंवा वर पत्र्याची टोपी बसवा, म्हणजे वरच्या उघड्या नळ्यांतून पाणी उतरणार नाही.

वाशांसाठी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड. घरात, कौलांखाली, पाऊस थेट न लागणाऱ्या लाकडासाठी यापेक्षा शांत उपाय माझ्या माहितीत नाही. १० लिटर कोमट पाण्यात ३६० ग्रॅम बोरॅक्स आणि २४० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड पूर्ण विरघळवा. वासे आणि रिपा चढवण्याआधी, उघड्या लाकडावर, पॉलिश किंवा तेल लावण्याआधी हे द्यायचं. खणलेल्या चरात प्लास्टिक अंथरून त्यात दिवसभर बुडवून ठेवलं तर उत्तम. नाही जमलं तर ओलं राहील असे तीन हात द्या आणि मग एक-दोन दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवा. बोरॉन ओल्या लाकडात हळूहळू आत सरकतो, म्हणून घाईने उन्हात टाकू नका. भिंतीत जाणारी आणि आढ्यावर टेकणारी टोकं जास्त वेळ बुडवा. एकच मर्यादा, पाण्याने तो धुतला जातो. म्हणून जमिनीतल्या खांबाला तो उपयोगाचा नाही, आणि कौल फुटून एखादा वासा सतत भिजत असेल तर तिथेही नाही. द्रावण करताना हातमोजे घाला आणि उरलेलं पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतू नका, जास्त बोरॉन झाडाला सोसत नाही.

तुमच्या भागात काजूच्या टरफलाचं तेल वाशांना लावायची जुनी रीत आहे. तिला मी नावं ठेवणार नाही, किड्यांना ते चांगलं अडवतं. पण ओलं असताना ते कातडीला फोड आणतं. लावणाऱ्याला पूर्ण बाह्या, मोजे आणि चष्मा द्या, आणि सुकायला महिनाभर दिलाच पाहिजे. दोन्ही करायचे असतील तर बोरॅक्स आधी, लाकूड सुकल्यावर तेल. काहीही लावलंत तरी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीत, बॅटरी घेऊन जोत्यापासून आढ्यापर्यंत नजर टाका. वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधत चढते. ती नळी पहिल्याच आठवड्यात दिसली तर पुढचं नुकसान होत नाही.

स्लीपरची बयाणा रक्कम दिली असेल आणि परत मिळत नसेल, तर न कापता, अख्खे, वापरा. गाडी लावायच्या जागेची कड किंवा मागच्या बाजूला माती अडवायला उतारावर दोन थर. विहीर आणि पऱ्ह्यापासून लांब, आणि अनवाणी पाय पडणार नाहीत अशा जागी. उचलताना मोजे, पूर्ण बाह्या, आणि काम सकाळी लवकर.

राहिलं बांधावरचं लांब कुंपण. त्याला मी लाकडाचे मेलेले खांब सुचवणारच नाही. गिरिपुष्पाच्या किंवा पांगाऱ्याच्या पक्व, मनगटाएवढ्या जाड आणि पुरुषभर उंच फांद्या मेच्या अखेरीस कापून सावलीत उभ्या ठेवा. मृगाचे दोन पाऊस झाले की हातभर खोल रोवा, बुडाला तिरपा काप देऊन आणि साल न सोलता. तार पहिल्या वर्षी बांधू नका, मुळं धरू द्या. दुसऱ्या पावसाळ्यात तार बांधताना खिळा न मारता सैल फास द्या, कारण तोवर खांब जाड व्हायला लागलेला असेल. गिरिपुष्पाचा पाला वर्षातून दोनदा छाटून वाफ्यांत घालता येतो.